चाबी मीच देल्ली

आमचं मूळ गाव भिवापूरकडचं, पण माह्या आज्यानं छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली अन् मग थो इथंच राहिला, लकडगंजात आरामशिनीवर लाकडं वाह्यचा, बापानंही तेच केलं, मले मात्र लहानपणापासून गाड्यांचं वेड, ट्रक आला का मी त्याच्या मागंमागं, माय म्हणे हा पोट्टा एखाद दिवशी टायरखाली जाईन. नाही गेलो. मोठा झालो तं फौजेत भरती झालो ड्रायव्हर म्हणून, चोवीस वर्षं नोकरी केली, अन् शेवटची नऊ वर्षं उस्ताद होतो, म्हणजे नव्या पोट्ट्यांले गाडी शिकवणारा.

काय सांगू तुम्हाले, लिहून घ्या जी, एकोणीस-वीस वर्षांचे पोट्टे, नीट मिशा फुटल्या नाहीत अन् मोठी गाडी हातात आली का स्वतःले राजे समजत. मी लय कडक होतो. सकाळी आधी गाडी तपासायची, तेल, पाणी, हवा, ब्रेक, अन् त्याच्यानंतर मी पोट्टे तपासो. एकेकाच्या तोंडासमोर उभा राहो, कितने घंटे सोया? खोटं बोलला तं डोळ्यांवरून समजे. कमी झोपलेल्याले चाबी देतच नव्हतो, मग साहेबाची का गाडी असेना. एकदा साहेब चिडले, उस्ताद, टाइम हो रहा है, मी म्हणलं साहब, देर से पहुँचेंगे पर पहुँचेंगे. अन् सगळ्यात जास्त बडबड सुट्टीच्या आदल्या दिवशी. कारण काय, फौजी पोट्टा पहाडातून वाचून येते जी, अन् घरी येऊन मरते. दोन-दोन दिवस जनरल डब्यात ट्रंकेवर बसून येते, डोळ्याले डोळा नाही, अन् घरी उतरला का पहिले मोटरसायकल काढते, दोस्त पाहायचे असते, पोरगी पाहायची असते. मी म्हणो, घर जाके पहले सोना, फिर गाड़ी छूना. माह्या मागं नक्कल करून हसत साले. हसले तं हसले, जिवंत राहिले.

माहा पोरगा प्रफुल, थोही फौजेत ड्रायव्हरच झाला. मी नाही म्हणलं नाही, आतून तं फुगलो होतो. फोनवर मले चिडवे, बाबा, इथला उस्तादही झोप झाली का म्हणून छळते, तुमचाच भाऊ दिसते.

मागल्या वर्षी सुट्टीवर आला. जम्मूहून निंघाला, रिझर्व्हेशन झालं नव्हतं, दोन रात्री दरवाज्यापाशी बसून आला. सकाळी नऊ-साडेनऊले घरी पोचला, त्याची माय चक्कीवर मसाला दळायले गेली होती, घरात आम्ही दोघंच. पोरगी माही, शीतल, बुटीबोरीले देल्ली आहे, तिचा फोन होता का मी संध्याकाळच्या बसनं येतो. आता बसनं आली असती तं काय बिघडलं असतं? पण माह्या डोक्यात आलं, पोट्टा असा ताठ दिसून राहिला, केस बारीक कापलेले, छाती अशी, तिच्या सासऱ्याले दिसू दे ना. तिचा सासरा आपल्या घरच्या पोट्ट्यांचं लय सांगते, हा असा, तो तसा. मी म्हणलं प्रफुल, जा बे, ताईले घेऊन ये. थो म्हणे बाबा, डोळ्यांची आग होऊन राहिली, घंटाभर पडतो अन् जातो. अन् मी काय म्हणलं? अबे फौजी आहेस का बाई आहेस, पडशीन मग, इथून इथं तं जायचं आहे. हो बाबा म्हणे. खुंटीवरची मोटरसायकलची चाबी मीच काढली, मीच हातात देल्ली. टायर दाबून पाह्यला, ब्रेक पाह्यला, हेल्मेटचा बेल्टही लावला त्यानं. सगळं बरोबर केलं जी पोट्ट्यानं.

वर्धा रोडवर बंद पडलेला ट्रक बाजूले उभा होता, भर उन्हात, समोर सगळं साफ, अन् थो सरळ मागून त्याच्यावर जाऊन धडकला. पोलीस म्हणे काका, रस्त्यावर ब्रेकचा निशाणच नाही, पोरानं दाबला कसा नाही? त्यायले नाही समजलं, मले समजलं. झोप लागली होती माह्या लेकराले.

त्याची माय काय म्हणते माहीत आहे? आल्यागेल्याले सांगते, ह्यायनं हजार पोट्ट्यांले शिकवलं अन् आपल्याच पोट्ट्यानं ऐकलं नाही, चाबी घेऊन पळाला, उतावीळच होता मेला. मी मान खाली घालून ऐकतो. अन् शीतल रडते का बहिणीच्या मायेनं स्वतःहून निंघाला, मी सकाळीच बसनं आली असती तं भाऊ असता. सहा महिने झाले, माहेरी पाय ठेवला नाही तिनं. दोघींचंही खोटं आहे, अन् खरं मी दाबून बसलो. मेलेल्या पोरावर आळ घेऊ देल्ला, जित्या पोरीले जळू देल्लं. बापा बापा, असा कसा मी!

आता वस्तीतले भरती झालेले पोट्टे पाया पडायले येतात. मी म्हणतो सुखी राहा रे, लेकरांनो, पण आधी झोपा, अन् बापानं जा म्हणलं तरी नाही म्हणा. त्यांच्या माया म्हणतात, काका, तुमचा आशीर्वाद पाह्यजे. मले तोंड लपवावं वाटते.

गेट वाजलं, तीच असन. नका उठू जी, लिहत राहा, तुम्ही गेले तं मी पुन्हा गिळून टाकन. ये वं, प्रफुलची माय. पिशवी ठेव तिथं. बस इथं, माह्यापाशी. नाही, चाय नको. त्या दिवशी तू चक्कीवर गेली होती ना, तेव्हाचं सांगतो. पोट्ट्यानं ऐकलं होतं वं माह्यं.