नंबर घालून काढलेल्या फाइली

...नाही, मला सांगा, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसानं स्वतःची वेबसाइट सांभाळू नये असं कुठं लिहून ठेवलंय का? तीस वर्षं झाली मला या धंद्यात! गंजून मुकं झालेलं मशीन माझ्या टेबलावर येतं आणि कुरकुर न करता घरी जातं, आणि हा माझा साडू मला शिकवणार? आमचा साडू म्हणजे, तुम्हाला सांगतो, ऑफिसात बसून बसून त्याला एकच काम जमतं, सल्ला! चष्मा कपाळावर सारतो आणि सुरू, "हे बघा, शेअर्ड होस्टिंग घेऊ नका. एका सर्व्हरवर शंभर बिऱ्हाडं, शेजाऱ्याकडे गर्दी झाली की तुमच्या नळाला पाणी नाही. बिघडलं तर निस्तरायचं तुम्हीच. मॅनेज्ड घ्या, ते लोक सगळं बघतात, रोजची प्रत काढून ठेवतात. तज्ज्ञांवर सोडा हो!"

झालं! तिथंच माझं शेअर्ड ठरलं. आणि मी ठरवलं म्हणजे ठरवलं!

बरं, साइटवर आहे काय? माझ्या वडिलांनी हातानं काढलेली चित्रं. कुठल्या मशीनच्या पोटात कुठली स्प्रिंग, कुठल्या मापाचा स्क्रू... मूळ वही छत गळलं तेव्हा भिजून लगदा झाली. आधी फोटो काढून साइटवर चढवले होते म्हणून चित्रं वाचली. वडिलांचा हात आता तेवढाच उरलाय, तिथं.

तर गेल्या आठवड्यात साइट रखडायला लागली. कंपनीला फोन केला, तर तिथली मुलगी गोड आवाजात, "सर, तुमच्या प्लॅनमध्ये ते तुम्हीच बघायचं असतं." मीच? मग बघतो की! बायको म्हणाली, "अहो, एकदा भावोजींना विचारा ना..." भावोजींना? मी? ठरवलं म्हणजे ठरवलं!

आमच्या धंद्यात एक शिस्त असते बघा. स्क्रू काढला की नंबर द्यायचा, वहीत लिहायचा, बसवताना उलट्या क्रमानं यायचं. बसलो वही घेऊन. एक फाइल काढली, लिहिली, एक. दुसरी काढली, दोन... सदतीस फाइली काढल्या! साइट बंद. पडणारच, उघडलेलं मशीन कधी चालतं का? मग म्हटलं, आता सदतीसपासून उलटं बसवत येऊ, तर... फाइल आहे कुठं?

पुन्हा फोन. "सर, काढलेल्या फाइली ठेवल्यात कुठे?" "वहीत आहेत ना! नंबरासकट!" "सर... वहीत नुसती नावं आहेत." "मग तुमच्याकडची प्रत?" "या प्लॅनमध्ये नसते, सर."

"अहो बाई, चित्रं? वडिलांची चित्रं?" ती म्हणाली, "ती वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, शाबूत दिसतायत. मॅनेज्डवर या, आमची माणसं दोन दिवसांत साइट पुन्हा उभी करतील. पण सर, तुम्ही आता कशालाही हात लावायचा नाही."

मला! ज्याच्या दुकानात पाटी आहे, 'घरी उघडलेलं मशीन घेतलं जाणार नाही', त्याला! पण मुकाट्यानं हो म्हटलं. घेतलं मॅनेज्ड. फक्त साडूला कळू द्यायचं नाही, हे मात्र ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे ठरवलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या दारात कोण? साडू! हातात प्लास्टिकचा टब, टबात त्याच्या बायकोचं मशीन, सगळं सुटं. चष्मा नाकावर, आवाज खाली, "तुमच्या साइटवरची चित्रं बघून उघडत होतो हो. अर्ध्यावर आलो आणि साइटच बंद पडली. हे चार स्क्रू कुठले ते कळेना..."

"तज्ज्ञांवर सोडा म्हणणारे तुम्हीच ना?"

"म्हटलं, एवढ्याशा कामाला तुम्हाला कशाला त्रास..."

टबात डोकावलो. फार जुनं मॉडेल! आयुष्यात दोनदा उघडलंय मी ते, दोन्ही वेळा वडिलांचं चित्र समोर ठेवून. आणि चित्र कुठं? साइटवर. आणि साइट?

सांगावं लागलं हो सगळं. सदतीस फाइली, वही, मॅनेज्ड, सगळं! तो हसला नाही. त्यानं नुसता टब टेबलावर ठेवला आणि स्टूल ओढून बसला.

आता दोघं चहा पीत बसलोय, टब मधोमध ठेवून. कंपनीचा फोन येईपर्यंत त्यानं मशीनला हात लावायचा नाही, मी साइटला हात लावायचा नाही... आणि नाही लावत! ठरवलं म्हणजे ठरवलं. फक्त, या वेळी ठरवलं त्या फोनवरच्या मुलीनं.