चाळीमागची विहीर

माझं माहेर साक्रीकडचं, लग्न झालं आणि मालकांच्या मागं सिल्वासाला आले, ते दोऱ्याच्या कंपनीत, मी घरी, आणि सामरवरणीची ही चाळ, तेव्हापासून इथंच, आता नातू पण झाला मला. चाळीच्या मागं विहीर आहे, जुनी, दगडानं बांधेल, आत उतरायला पायऱ्या. ती इथल्या वारली लोकांची. लग्नात नवरीच्या हळदीचं पाणी तिथूनच न्यायचं अशी त्यांची रीत, आणि आम्ही बाहेरून येल लोकांनी काय केलं, तर कचरा टाकला, काय सांगू तुम्हाला.

मग पाड्यावरची जमनीबाई चाळीत दारोदार आली, म्हणाली विहीर बुजली तर आमच्या पोरींनी कुठं जायचं, चला, साफ करू. आम्ही चौघी-पाचजणी गेलो, गाळ काढला, पायऱ्या घासल्या, हात सोलले, पण पाणी दिसलं ना, तेव्हा वाटलं मी पण इथलीच. मग चाळीत मीच सांगत फिरायची, बाई, कचरा गाडीतच टाका, मोठी शहाणी मी.

आणि जमनीच्या पोरीचं लग्न आलं. बाया गात गात कळशी घेऊन आल्या, मला पण बोलावेल. पाण्यावर पिशवी तरंगत होती, फाटेल, त्यातून डायपर बाहेर येल आणि माझ्या नातवाचं पिवळं झबलं, मीच शिवेल. गाणं बंद पडलं. जमनी माझ्याकडं पाहत राहिली, ते झबलं तिनं बाळाच्या अंगावर पाहेल ना. वाटलं म्हणावं, कुणाचं असेल कोण जाणे. पण म्हटलं जमनीबाई, आमच्या घरचं आहे. उतरले आणि काढली पिशवी. हळदीचं पाणी शेवटी त्यांनी हापशावरून नेलं. पोरीचं लग्न, ते मी कुठून भरून देऊ?

घरी सुनेला विचारलं, ती म्हणे गाडी आलीच नाही, बाळ रडत होतं, एक पिशवी टाकली तर काय झालं. मी ओरडले नाही. चल म्हटलं, जमनीसमोर हेच बोल. तिथं गेली आणि रडायलाच लागली. जमनी म्हणाली रडू नको, शनिवारी ये, पायऱ्या घासायच्या आहेत.

आता शनिवारी जाते ती, तोंड फुगवून जाते, पण जाते, चाळीतल्या अजून दोघी तिच्यासोबत. जमनी मला चहा पाजते, नीट बोलते. तिच्या पोरीला मात्र मी अजून तोंड दाखवू शकत नाही. ती बाळंतपणाला माहेरी येणार आहे म्हणे. सुखरूप सुटू दे तिला, आणि तिच्या लेकीच्या हळदीला तरी याच विहिरीचं पाणी मिळू दे. मी काही तोवर नसेन.