कुणी न ऐकलेलं

माझ्या गोष्टींत थापा फार, पण ही जशी ऐकली तशीच देतो. अतिदक्षता विभागाबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर, एक वायरमन आणि त्याच्या बेशुद्ध मुलाचा दोस्त बसले होते.

“डॉक्टर म्हणाले, त्याच्या आवडीचं ऐकवा. कालपासून उशीशी मोबाईल ठेवलाय, पापणीसुद्धा हलत नाही.”

“काय लावलंत, काका?”

“हेवी मेटलच. सगळ्यात गाजलेला बँड.”

“अहो, गाजलेले त्याने शाळेतच सोडले. कुणी न ऐकलेले हुडकायचा तो. हे ऐका, तळघरात वाजवणारे तिघे आहेत.”

“हे गाणं? दाढ उपटताना माणूस असा ओरडतो.”

“त्याचं सगळ्यात आवडतं आहे.”

“ओळखलं. हे लागलं की मी त्याच्या खोलीचा फ्यूज काढायचो.”

“सांगायचा तो. मग गाडी काढून माझ्याकडे ऐकायला यायचा.”

“परवा अपघात झाला तेव्हाही तुझ्याकडेच निघाला होता?”

“हो, काका.”

“...फ्यूज परवाही मीच काढला होता रे.”

“चला, आत लावू. आवाज किती ठेवू?”

“तो किती ठेवायचा?”

“पूर्ण.”

“मग पूर्ण ठेव. नर्सबाईंच्या पाया पडायचं माझ्याकडे लागलं.”