भिंतीवरचा पासवर्ड

—तसं नाही रेणू, सेंटर बंद नाही, तू बस त्या बाकावर, पंखा लावतो—अन् भिंतीकडं अशी पाहू नको, ते मीच खरवडलं, चहाच्या चमच्यानं, सकाळपासून. काऊन म्हणशील? सांगतो. सोमवारी या कम्प्युटरवर पाटी आली, नवीन सिस्टीम तयार आहे, टाकायची का. रोजच यायची ती पाटी अन् मी रोज नाही म्हणायचो. त्या दिवशी आपल्या कोहमाऱ्याची लाईट दुपारभर टिकली होती, म्हटलं टाकू एकदाची, झंझट मिटेल. दोन तास गोल गोल फिरत होतं, मी समोरच्या ढाब्यावर जाऊन समोसा खाऊन आलो—येऊन पाहतो तर म्हणते, तुमचा चार आकड्यांचा नंबर आता चालत नाही, पासवर्ड टाका. सहा वर्षं मी ते चार आकडे दाबून राहिलो, मले वाटे तोच पासवर्ड.

आता पासवर्ड नव्हता असं नाही, होता. सेंटर सुरू केलं तेव्हा माझा साळा आला होता, भूपेंद्र—त्यानंच मशीन लावून दिली, पासवर्ड ठेवला, अन् म्हणाला, भाऊजी, कागद तुम्ही हरवाल, भिंत कशी हरवाल—अन् त्या स्विचबोर्डच्या बाजूला पेन्सिलनं लिहून टाकला. तिथंच सारं असे, गॅसवाल्याचा नंबर, एसटीच्या वेळा, सारं. मग गेल्या दिवाळीत, ढाब्याच्या धुरानं भिंत काळी पडली म्हणून मी रंग मारला. दोन हात मारले. गॅसवाल्याचा नंबर आधी वहीत उतरवून घेतला, तेवढी अक्कल होती—पासवर्ड नाही उतरवला. कायले उतरवतो, चार आकड्यांवर काम चालूनच राहिलं होतं ना. आता रंग खरवडला का पेन्सिलही त्याच्यासंगं येते. हे पाह, एवढं दिसते, पहिलं अक्षर इंग्रजी बी असावं, शेवटी शून्य. मधात निरा चुना.

भूपेंद्रले विचारलं, हो, विचारलं की. सुरतले राहते तो. म्हणे, भाऊजी, मले माझाच पासवर्ड याद राहत नाही, तुमचा कुठून सांगू. मशीन सोताच विचारते, विसरलात का? हो म्हटलं तर म्हणते, तुमच्या जुन्या मोबाईलवर कोड पाठवतो. तो नंबर बंद पडून चार वर्षं झाली. आता कोणाकडं असेल कोण जाणे, तो बिचारा माझे कोड पाहून घाबरून राहिला असेल.

पावती ना—पावती देतो, तेवढ्यासाठीच तर हे सारं करून राहिलो. होस्टेलच्या फॉर्मची फिकर नको करू. मागच्या गुरुवारी तुझे बाबा इथंच बसले होते, चप्पल बाहेर काढून, अन् देवचंदभाऊ कसे बोलतात तुले माहीत आहे, एकच गोष्ट—छोटेलालभाऊ, होस्टेल भेटलं तर पोरीले गोंदियाले अकरावी शिकवतो, नाही भेटलं तर धानाच्या रोवण्याले हात पाहिजेतच. मी म्हटलं, झालं समजा. अन् झालंच होतं म्हणा, तुझं नाव, आईचं नाव, मार्कशीट, सारं चढवलं होतं, फक्त फोटो जरा मोठा होता, तो लहान करून मग पाठवायचा—

हात पुढंच धरून आहेस पावतीसाठी. मले समजते.

नाही गेला. फॉर्म नाही गेला, रेणू. तुझा धरून अकरा पोरींचे फॉर्म सोमवारी संध्याकाळी एका बैठकीत पाठवणार होतो, अन् त्याच्या आधी हे सिस्टीमचं करून बसलो. मंगळवारी तू आलीस तेव्हा मी सर्व्हर डाऊन म्हटलं. काल शाई संपली म्हटलं. शाई आहे. मले वाटे उद्या लागेल पासवर्ड, उद्या लागेल—अन् आज शेवटची तारीख, पाचपर्यंत. थांब, एक खेप उरली आहे, चुकली तर दोन तास बंद करते. तू टाक, माझा हात आता भरोशाचा नाही. इंग्रजीत भूपेंद्र लिही, पुढं दोन हजार वीस, त्याच वर्षी लावली होती. हळू. एकेक अक्षर. हं, दाब.

दोन तास. किती वाजले? तीन वीस. म्हणजे पाच वीसले उघडेल.

ऐक, रडू नको, ऐक. हे तुझे कागद, ही मार्कशीट. सडक अर्जुनीले जा, ओमेशच्या सेंटरवर. नवीन फॉर्म नको भरू, तुझ्या नावानं खातं आहेच म्हणून होस्टेलची साईट दुसरा घेत नाही. त्याले म्हण, त्या खात्याचा पासवर्ड विसरली, तोही याच मशीनीत अडकला आहे. मग एक कोड येते, तो—तो माझ्या मोबाईलवर येईल. सगळ्या पोरींच्या फॉर्मवर मी माझाच नंबर टाकला, तुमच्या घरचे मोबाईल बाबासंगं वावरात असतात, कोणाच्या मागं धावू. मी? मी नाही येत. ओमेश याच खुर्चीवर शिकला, माझ्याच हाताखाली, तेव्हा त्याले मी म्हणायचो, लिहून ठेवत जा रे सारं. त्याच्या दारात मी काय सांगू.

हा मोबाईलच घेऊन जा. घे म्हणतो ना. लॉक नाही त्याले, मी ठेवतच नाही. कोड आला का ओमेशले दाखव, त्याच्याच हातानं फोटो लहान करून घे, अन् पावती हातात पडल्याशिवाय उठू नको, तो कितीही म्हणो झालं समज. काळीपिवळी येऊन राहिली, हात दाखव तिले. अन् रेणू—रस्त्यानं वाजला तर उचलू नको. सकाळपासून वाजूनच राहिला आहे. बाकीच्या दहा जणी आहेत त्या.

त्यांचं मले नको विचारू. जा.