घाटावरचा लाईव्ह

हसणार नसाल तर सांगतो राव. लग्नं, बारशी मी लाईव्ह दाखवतो, तसा चऱ्होलीत एका आजोबांचा दशक्रिया विधीही दाखवला. घाटावर मोठा स्क्रीन लावलेला. पिंडाला कावळा शिवला, सगळ्यांनी हात जोडले, मी लाईव्ह थांबवला. तर स्क्रीनवर आमची नेहमीची जाहिरात आपोआप सुरू झाली, माझ्याच आवाजात: "कार्यक्रम आवडला ना? मग लाईक करा! तुमच्या घरी असाच कार्यक्रम असेल तर आजच बुक करा!"

मान वर करायची सोय राहिली नाही. आजोबांचे थोरले भाऊ काठी टेकत माझ्याकडे आले.

"पोरा, आता माझाच नंबर हाय. तुझा फोन लिवून दे, घरी सांगून ठिवतो."

ते चेष्टा करत नव्हते.

आणि मी, राव, खिशातून कार्ड काढून दिलं.