भरली गाडी, रिकामी गाडी

माझं गाव उंब्रज. हायवेच्या कडंला हाय, कराडकडं जाताना तुमी बघितलं असंल. आमचा ऊस, दोन बैलं, आन् बाप बैलगाडीतनं कारखान्याला ऊस घालायचा, मी गाडीवर वाड्यावर बसून जायाचो, वाडं म्हंजे उसाचा शेंड्याकडचा पाला. कारखान्याच्या दारात वजनकाट्यावर जो माणूस बसायचा त्येच्याकडं मी बघत राहायचो, आन् काय सांगू तुम्हाला, बारावी झाल्यावर त्याच खुर्चीत माझी नेमणूक झाली. तवापासनं रिटायर होईपतूर काटा. काटा म्हंजे लय अवघड काय न्हाई. भरली गाडी चढती, तिचं वजन घ्यायचं, ऊस खाली करून रिकामी गाडी परत येती, तिचं वजन घ्यायचं, भरल्यातनं रिकामं वजा केलं की राहतो तो ऊस. पैसं उसाचं मिळत्यात, गाडीचं न्हाई. एवढंच. पण ते डोक्यात बसलं ते बसलंच, आमच्या मंडळी म्हणत्यात, हे भाजीवालीला बी विचारत्यात मेथीतली माती किती.

आता गाडी का घेतली ते सांगतो, कारण त्येच्यातच सगळं हाय. माझी आई, सगळं गाव तिला आक्का म्हणतं, तिचं म्हायेर तिकडं दुष्काळी भागात, कवठे महांकाळच्या बाजूला. तिची धाकटी बहीण, हौसा मावशी, लगीन होऊन बी तिथंच जवळ राहिली. दोघीच बहिणी, भाऊ न्हाई. आक्का तिच्यापेक्षा मोठी, पण हौसा मावशीच तिला दटावती, आगं येडे तुला कळत न्हाई काय, असं. वैशाखात मावशीचं डावं अंग गेलं. बोलणं शाबूत राहिलं, देवाची कृपा, पण बाजेवरनं उठणं न्हाई. आन् आक्काचं गुडघं असं की एष्टीच्या पायरीवर पाय चढत न्हाई, मागनं दोघांनी उचलावं लागतं, तिला त्येची लाज वाटती.

भाड्याची गाडी करून एकदा नेली मी. ड्रायव्हर चांगला होता, पण त्येला दुसरं भाडं होतं. दोघी नुसत्या रडून घेत्यात न घेत्यात तवर भायेर हॉर्न. परत हॉर्न. आक्का उठली, मावशी म्हणाली, बस की गं, काय एवढं, आन् आक्का म्हणाली, गाडी लोकाची हाय बाई. परत येताना कासेगावला म्हणाली, तात्या, आता स्वतःची गाडी आसंल तरच न्यायची, न्हाईतर न्हाई. मला गावात समदी तात्याच म्हणत्यात, आई बी. म्हटलं घेऊ की, त्यात काय.

फंडाचं पैसं होतं, पोरीचं लगीन झालेलं, कर्ज काढायची गरज नव्हती. लहान पेट्रोल गाडी, दार मोठं उघडणारी, शीट उंच, आक्काला चढाय सोपी. कराडला शोरूममधी गेलो. तिथला मॅनेजर वडूजचा, बारका, खटाव तालुक्यातला माणूस, बोलाय एकदम सरळ. मी म्हटलं दसऱ्याला घेतो, डिस्काउंट काय देणार. तो म्हणाला, तात्या, दसऱ्याला माझ्याकडं हितनं रस्त्यापतूर लाईन आसती, नारळ कमी पडत्यात, मी तुम्हाला कशाला डिस्काउंट देऊ. पायाखालचं मॅट देतो, चिखल आडवायचं फडकं देतो. म्हटलं बरं.

आता आमची रूपाली. एकच लेक, नवऱ्यासंगं जर्मनीत असती, दोघं बी नोकरी करत्यात. तिकडं तिची जेवणाची सुट्टी झाली की हितं दुपार कलायला लागलेली आसती, त्या टायमाला तिचा फोन. मी सांगितलं असं असं, दसऱ्याला गाडी, मॅट फुकट. ती म्हणाली, पप्पा, मॅट? मॅट काय देत्यात, तुमाला गंडवत्यात ते. आमी मागच्या महिन्यात त्याच नावाची गाडी घेतली, छापलेल्या किमतीतनं पाचवा हिस्सा कमी करून दिला त्यांनी. तुमी मागतच न्हाई. म्हटलं गंडवत आसतील तर समद्या जिल्ह्याला गंडवत्यात. ती म्हणाली, व्हय, तसंच हाय.

मग मी विचारलं, तुझ्या गाडीचं कागद दाव बघू. तिनं मोबाईलवर धरलं, जावयानं वाचून दाखवलं, मराठीत समजून सांगितलं. आन् बघतो तर काय, गाडी आधी दुकानदाराच्या नावावर झालेली. एक दिवस त्येच्या नावावर, मग रूपालीच्या. म्हंजे आपल्याकडं काय म्हणायचं, सेकंड ओनर! आमच्या हितं कागदावर दुसरं नाव लागलं की गाडी जुनी, मग ती पेटीतनं काढलेली का असंना.  दोन दिवस पोरीची काळजी. परक्या मुलखात पोर, भाषा येत न्हाई एवढी, सेकंड गाडी नवी म्हणून गळ्यात मारली. तिसऱ्या दिवशी राहवलं न्हाई, बोललो. ती आधी हसली, जावई बी मागनं हसला, मग म्हणाली, पप्पा, इथं असंच करत्यात, आन् मी म्हटलं, शिकलेल्या माणसाला असंच गुंडाळत्यात. ते तिला लागलं. ती म्हणाली, तुमाला मॅट देऊन बसवलंय, आन् तुमी मला शिकवता? फोन ठेवला.

काय सांगू तुम्हाला, आमच्या दोघांत तोवर अबोला असा कवाच झाला नव्हता. फोन यायचा तो तिच्या आईला. मी बाजूला बसून ऐकायचो. आन् गंमत बघा, माझी बायको म्हणायची, तुमी दोघं कशासाठी भांडताय, तू म्हणतोस ती फसली, ती म्हणती तू फसलास, दोघं एकमेकांसाठीच रडताय की. आमची मंडळी रागात आली की अरेतुरं करती, तिचं खरंच होतं.

आक्का मात्र भायेरच्या सोप्यात बसून म्हणायची, दसरा कवा हाय रं. परत संध्याकाळी, दसऱ्याला अजून लय हाय काय. हौसा मावशीच्या घरनं फोन आला की ती आधी आमच्या तोंडाकडं बघायची, मग फोन घ्यायची.

मग एक दिवस मी कागदावर मांडायला बसलो. म्हटलं आपण काट्यावरचा माणूस, आपण भरल्या गाडीची बरोबरी रिकाम्या गाडीशी करतोय काय? तसंच निघालं. मी रूपालीला सांगायचो तो आकडा भरल्या गाडीचा, म्हंजे गाडीची किंमत, त्यात सरकारचा कर, त्येच्यावर रस्त्याचा कर, नोंदणी, विमा, सगळं बसून, चावी हातात येईपतूरचा. ती सांगायची तो तिकडचा छापील आकडा, त्यात विक्रीचा कर आत धरलेला, पण आपल्यासारखा जन्माचा रस्त्याचा कर एकदम न्हाई, तिकडं दर वर्साला थोडा थोडा भरत्यात, विमा येगळा. तर दोन्हीकडची माती झाडली, कर सारा वजा केला. तरी रिकामी गाडी सारखी यीना. मग मीच जावयाला फोन लावला, रूपालीला न्हाई. म्हटलं राव, हे समजून सांगा.

जावई शांत माणूस. तो म्हणाला, पप्पा, नाव एक आसलं तरी गाडी एक न्हाई. इकडच्या गाडीत थंडीचं, सुरक्षेचं काय काय जास्त घालावं लागतं, कामगाराचा पगार जास्त. ते झालं किमतीचं. डिस्काउंटचं येगळंच हाय. इकडं जवळजवळ घरटी गाडी हाय, नवीन गिऱ्हाईक आणायचं कुठनं, म्हणून कंपनी छापतानाच किंमत अशी छापती की दुकानदाराला सोडाय जागा राहावी. आन् दुकानदाराला महिन्याला इतक्या गाड्या नावावर लावायचं बंधन, त्या भरल्या न्हाईत तर कंपनीकडनं मिळायचं बक्षीस जातं, म्हणून तो एक दिवस स्वतःच्या नावावर लावतो आन् मग कमी पैशात इकतो. गाडी चाललेली नसती. लोकं त्येच्यावर टपून आसत्यात. आन् तुमच्याकडं, पप्पा, पहिल्यांदा गाडी घेणारं लोक लय, छापील किंमत आधीच खाली, दुकानदाराचं त्यात थोडंसंच. त्येनं पाचवा हिस्सा सोडला तर घरचं घालावं लागंल.

मी म्हटलं, म्हंजे रूपाली फसली न्हाई. तो म्हणाला, न्हाई, आन् तुमी बी न्हाई. मग म्हणाला, ती लय रडली व्हय पप्पा. म्हणत होती, माझ्या बापाला कुणी तरी फसवतंय आन् मी इथं लांब.  मी नुसतं व्हय व्हय म्हणत राहिलो.

तवा म्हाळाचा पंधरवडा लागला होता. पितरांचा. त्या पंधरवड्यात आमच्याकडं कोण गाडी घेत न्हाई, सोनं घेत न्हाई, नवं कापड घेत न्हाई. वडूजच्या मॅनेजरचा फोन आला, आपला सहज. म्हणाला, तात्या, शोरूममधी माशा मारत बसलोय, ह्या पंधरा दिवसांत माणूस फिरकत न्हाई, आन् मला बी महिन्याचा आकडा भरायचाय. आत्ता न्याल तर वरनं मला मिळणार ते तुमाला सोडतो. दसऱ्याला मात्र मॅटच. मी फोन धरून हसलो. म्हटलं ह्येच की! जर्मनीतल्या दुकानदाराला महिना भरायचा आसतो, ह्येला बी महिना भरायचाय. गिऱ्हाईक कवा येत न्हाई, तवा भाव खाली येतो. तिकडं ते बारा महिने येत न्हाई, हितं पंधराच दिवस.

पण मंडळी म्हणाली, अहो, म्हाळात गाडी? लोक काय म्हणतील? मला बी धीर होईना. हिशेब एक सांगतो, मन एक सांगतं. आक्का सोप्यातनं ऐकत होती. ती म्हणाली, आरं, पितरं म्हंजे कोण परकी हायत काय? तुझा बापच ना? जन्मभर बैलाच्या शेपटीमागं बसला, मोटार बघाय रस्त्यावर उभा राहायचा, म्हाळाला जेवाय येतोय तर बघून जाऊ दे की त्येला. आन् मग आवाज खाली करून म्हणाली, हौसा दसऱ्यापतूर थांबंल का न्हाई मला म्हाईत न्हाई रं.

मग बापाच्या म्हाळाच्या दिवशीच गाडी आणली. सकाळी कराडला गेलो, शोरूममधी आमी एकटंच, सगळी माणसं आमच्याच गाडीभोवती, असा मान दसऱ्याला मिळाला नसता. घरी आलो तवर मंडळीचा सैपाक झालेला, भाताची खीर, वडं, पान वाढून कौलावर ठेवायचं, कावळ्याची वाट बघायची. पण कावळा कौलावर येईना. मंडळी घाबरली, बघा मी म्हणत होते. आन् तेवढ्यात कावळा आला, तो सरळ गाडीच्या टपावर. नवी गाडी, पांढरी, त्येच्यावर कावळा नखं टेकून उभा! मी हात उगारला, आक्का वरडली, आरं हाणू नगं, बापाला हाणतोस व्हय? तिनं वडा गाडीच्या टपावरच टाकला. त्येनं खाल्ला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, गेला. आक्का म्हणाली, चांगली बसून बघितली. टपावर नखाचा बारीक ओरखडा हाय अजून. सर्व्हिसवालं म्हणत्यात पॉलिश मारतो, मी म्हणतो ऱ्हाऊ द्या.

रूपालीला त्याच दुपारी मीच फोन लावला. गाडी दाखवली, ओरखडा दाखवला. म्हटलं बाळ, तुझी बी गाडी नवीच हाय, मी चुकीचं वजन केलं. ती म्हणाली, पप्पा, मॅट मिळालं ना? आन् दोघं बी हसलो, हसता हसता तिनं मोबाईल जरा बाजूला धरला, तोंड दिसू दिलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी कवठे महांकाळ. मावशीला गाडी बघायची होती, नातवांनी उचलून आणली, मागच्या शीटवर आक्काच्या बाजूला उशीला टेकून बसवली. म्हटलं चक्कर मारू? मावशी म्हणाली, नगं, बसू दे नुसतं, हलवू नगं.

आता महिन्यात एकदा जातो आमी. मावशी हाय अजून, देवाच्या दयेनं. वर्षानं सरकारनं लहान गाड्यांवरचा कर उतरवला, रूपालीचा लगीच फोन, पप्पा, थांबला असता तर कितीतरी वाचलं असतं. खरं हाय, मी हिशेब केला, वाचलं असतं. म्हटलं बाळ, पण आक्काला कुठल्या तोंडानं सांगितलं असतं, एक साल थांब म्हणून? ती म्हणाली, व्हय, तेबी हायच.

कवठ्याला पोचलो की आताशा काय होतं, सांगतो. गाडी मावशीच्या दारात लिंबाखाली लावायची, मावशीला आणून मागं बसवायची, दोन्हीकडची दारं उघडी ठेवायची, आन् मी समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं. चावी माझ्या खिशात. गाडी कुठं जात न्हाई, तरी दोघी आत बसून बोलत्यात, कुणाचं लगीन, कुणाची म्हैस, लहानपणी कुणी कुणाची वेणी ओढली. मध्येच मावशीचा आवाज येतो, आगं येडे, तुला कळत न्हाई काय. ऊन कलतं. आक्का कवातरी हाक मारती, तात्या, उशीर झाला काय रं? मी म्हणतो, न्हाई आक्का, बस तू, गाडी आपलीच हाय.

तुमच्या बी घरात कुणाला अशी कुठं जायाची वड आसंल तर दसऱ्याची वाट बघू नका, एवढंच माझं सांगणं. सुखी ऱ्हावा.