थोरली

हॅलो?… हो आई, बोल… नाही, अजून संग्रहालयातच. शेडमध्ये. त्या मालवाहू विमानाचा रंग खरवडतेय… काय म्हणाले डॉक्टर?… आजचा दिवससुद्धा कठीण?… हं… हो, निघतेच. पण आधी ऐक ना… अगं, ऐक तर. बाबा जागे आहेत?… मग फोन घेऊन त्यांच्याजवळ जा.

तुझी सवत सापडली, आई… हो, बाबांची थोरली, हेच विमान. माझ्यासमोर उभी आहे… नाही गं, थट्टा कशी करेन या वेळी? रंगाखाली बाबांच्या हातचं अक्षर निघालं. 'थोरली'. तो वाकडा 'थ' मी ओळखणार नाही होय?

माहीत आहे. 'असं विमान आमच्याकडे नाही', बाबांच्या पत्रांना कचेरीकडून दर वेळी हेच उत्तर यायचं… नाही, लपवत नव्हते कुणी. बाबा जुन्या नावानं विचारत होते. तेव्हा नौदलाची नावं वेगळी, हवाई दलाची वेगळी. एकच विमान, दोन दलांत दोन नावं… हो ना, नुसता गोंधळ. बाबांच्या नौदलात तर कारखान्याचंही अक्षर लावायचे. मग हुकूम निघाला, सगळ्यांना एकच पद्धत. आधी कामाचं अक्षर, मालवाहू की लढाऊ, मग आकडा. तेही आकडे नव्यानं… बाबा तोवर निवृत्त झाले होते. कोण सांगणार त्यांना?… मला तरी कुठे सुचलं? आम्ही इथे नवीनच नाव घेतो. काखेत कळसा नि गावाला वळसा.

तेच तर. त्यांना वाटायचं, आपण बसवलेलं इंजिन बंद पडलं, थोरली कोसळली, आणि हे लोक सांगत नाहीत… जन्मभर कुढले गं त्यावर. फोन त्यांच्या कानाशी धर.

बाबा, मी बोलतेय… थोरली पडली नाही, बाबा. इथल्या नोंदीत आहे, तुमच्यानंतर कितीतरी वर्षं उडाली. म्हातारी होऊन, स्वतःच्या चाकांवर उतरली… नाव तेवढं बदललं होतं तिचं.

आई, ऐकतायत का?… ओठ हलतायत?… बरं, तुला आठवतं? विमान सोडताना बाबा त्याच्या पोटावर दोन थापा मारायचे. म्हणजे, तयार आहे. आणि पायलट आतून दोन ठोके द्यायचा. म्हणजे, निघालो… हो, तेच. मी मारते आता. धरून ठेव फोन.

…पोचला आवाज?… काय करतायत?… बोटं? पलंगाच्या दांडीवर?… थांब, तू बोलू नकोस…

…एक.

…

…दोन.

ऐकले, आई. दोन्ही ऐकले… रडू नकोस गं. हात धर त्यांचा… आई?… आई, बोल ना…

…हं.

…नको, सांगू नकोस. कळलं मला… फोन राहू दे तसाच, त्यांच्या उशाशी. मी इकडून ठेवते.